आचल खिडकीबाहेर पाहत नव्हती

माझी मुलगी मंद नाही. हे आधी लिहून टाकते, कारण जिथे बोलायला हवं होतं तिथे मला ते बोलता आलं नाही. चारचौघांत माझा घसा बसतो, लहानपणापासूनच. चौथीनंतर शाळा सुटली पण लिहिणं सुटलं नाही, आणि कागदासमोर पदर घ्यावा लागत नाही. हे मी कोणाला दाखवणार नाही. पण कधी कोणा बाईच्या हाती लागलंच, आणि तिच्या घरी आचलसारखं लेकरू असलं, तर तिच्या कामी यावं म्हणून सरळ लिहिते. गोड करून लिहिणार नाही. गोड काही नव्हतं.

आमचं गाव कारंजाच्या अलीकडे, हायवेपासून आत. घरची पिठाची चक्की आहे. ती भासऱ्यांच्या हातात, म्हणजे यांच्या मोठ्या भावाच्या. आचलचे बाबा त्यांच्या हाताखाली. लेकरं त्यांना मोठेबाबा म्हणतात, मीही इथे तेच लिहिते. आमच्यात सून भासऱ्यांसमोर बोलत नाही, खुर्चीवर बसत नाही. त्यांना माझ्याशी काम असलं की ते लेकरांना म्हणतात, "तुह्या मायले सांग." मी समोर उभी असले तरी. लग्न होऊन आले तेव्हापासून असंच आहे आणि याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पुढे वाटलं.

शाळेतून निरोप

आचल सहावीत असताना मॅडमचे निरोप यायला लागले. पोरगी वर्गात बसलेली असते पण वर्गात नसते, खिडकीबाहेर पाहत राहते, वही कोरी. घरात सगळे हसले. मोठेबाबा म्हणाले, मायवर गेली, माय मुकी तशी पोरगी मुकी. मलाही आधी तसंच वाटलं. मी लाजरी, ती लाजरी. गावात तर तिचं कौतुक व्हायचं, की किती गुणाची पोरगी आहे, घरात आहे की नाही कळत नाही. त्याच वर्षी गावातल्या एका पोरानं सरांची गाडी नालीत ढकलली, तर त्याच्या बापानं त्याला नागपूरला डॉक्टरकडे नेलं. मस्ती करणाऱ्याला डॉक्टर आणि गप्प बसणारीला धपाटा. हा नियम कोणी केला माहीत नाही, पण सगळे पाळतात.

एकदा पालकांना बोलावलं होतं. आत जायची लाज वाटली म्हणून मी व्हरांड्यात, वर्गाच्या खिडकीजवळ थांबले. शाळेतल्या कडुनिंबावर वानरं आली होती. अर्ध्या वर्गाचं लक्ष तिकडे. आचलच्या बाजूला खुशी बसते, किराणावाल्यांची. ती तर तोंड उघडं टाकून बाहेर पाहत होती. मॅडमनी तिचं नाव घेतलं तशी ती दचकली, पुढच्या पोरीच्या पुस्तकात डोकावून ओळ शोधली आणि खणखणीत वाचायला लागली. आचलचं नाव मॅडमना तीनदा घ्यावं लागलं. तिनं मान हलवली, पुस्तक उघडलं, आणि मॅडम फळ्याकडे वळायच्या आत परत गेली. डोळे पुस्तकावरच होते. ती नव्हती.

संध्याकाळी दोघी आमच्या अंगणात होत्या. मी विचारलं, वर्गात काय पाहत होता गं. खुशीनं अख्खी कहाणी सांगितली. वानराचं पिल्लू तिच्या घरी राहायला येतं, ती त्याला दप्तरातून शाळेत आणते, मॅडम पट्टी उगारतात तर ते मॅडमचा चष्मा लावून फळ्यावर गणित सोडवतं. आचल पोट धरून हसली. मग तिनं विचारलं, "वानरं आलती का आज?"

मी म्हटलं, तू बाहेरच पाहत होती ना?

"नाई वं आई. मी तं ऐकून राह्यली होती. मंग सुटलंच."

कुठे गेली होतीस, काय मनात होतं, मी खूप विचारलं. तिला सांगता येईना. खुशी गेली होती तिथून कहाणी घेऊन आली. माझी पोरगी हात हलवत आली, आणि आपण गेलो होतो हेसुद्धा तिला दुसऱ्यांकडून कळलं.

तुला तेव्हाच समजायला पाहिजे होतं, असं आता लोक मला म्हणतात. मला समजलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

वर्ध्याची पहिली खेप

गावची शाळा सातवीपर्यंत. पुढे कारंजाला बसनं जावं लागतं. सातवी संपता संपता हेडमास्तरांनी यांना बोलावून सांगितलं, की आम्ही पोरीला पुढे ढकलून देऊ, पण आठवीत ती टिकायची नाही, एकदा वर्ध्याला दाखवून आणा. घरी मोठेबाबांनी निकाल दिला. एकदा दाखवू. डॉक्टरनं बिमारी सांगितली तर इलाज करू आणि शाळेचंही पाहू. बिमारी नसली तर पोरीच्या डोक्यात शाळाच नाही असं समजायचं, तिला चक्कीवर बसवायचं आणि वेळ आली की लग्न. हे म्हणाले, "दादा म्हणते तसं." म्हणजे आचलची आठवी आता डॉक्टरच्या एका शब्दावर आली.

चक्की सोडून येता येत नाही म्हणून हे थांबले. मोठेबाबा, मी आणि आचल गेलो. हॉस्पिटलात आधी चिठ्ठी काढायची रांग, मग नंबरची रांग, मग डॉक्टरच्या दाराबाहेरची. आचल पहिल्या रांगेत पाण्याची बाटली विसरली आणि दुसऱ्या रांगेत ओढणी. मी मनात म्हटलं, बरं झालं, डॉक्टरला हेच सांगीन. काय काय सांगायचं ते मी बसमध्ये पाठ करत आले होते. नळाखाली पाण्याची गुंड भरून वाहते आणि ही बाजूलाच उभी असते. एक वेणी घातलेली, दुसरी मोकळी, आणि फणी हातात. घास हातात राहतो, भाजी गार होते. लंगडी खेळताना तुझी पाळी आली हे पोरींना हलवून सांगावं लागतं. आणि चक्की. चक्की तिला जिवापाड आवडते, तिथे बसायचा ती हट्ट करते. तिथेच वरचं धान्य संपतं, दगडाला दगड घासतो, साऱ्या गल्लीला तो आवाज जातो आणि धावत यावं लागतं. ही त्या आवाजाला खेटून बसलेली असते आणि तिला ऐकू आलेलं नसतं. शुद्धीवर आली की स्वतःच घाबरते.

आत एक खुर्ची पेशंटची, एक सोबतच्याची. सोबतच्याच्या खुर्चीवर मोठेबाबा बसले. मी पदर पुढे घेऊन दाराशी उभी राहिले. डॉक्टर चांगले होते. त्यांनी माझ्याकडेच पाहून विचारलं, घरी कशी असते?

उत्तर खुर्चीवरून आलं. "घरी एकदम बढिया, साहेब. कायचाच तरास नाई. चक्कीवर तं अशी बसते का पाहतच राहा. शाळेतच मन नाई लागत तिचं."

डॉक्टरांनी पुष्कळ विचारलं. खेळते का, जेवते का, कामं करते का, लहानपणी कशी होती. सगळ्याला मोठेबाबांनी चांगलंच सांगितलं. वस्तू विसरते का, याला म्हणाले, "कोण नाई विसरत, साहेब? मीच चष्मा विसरून आलो." डॉक्टर हसले. मी पाठ केलेलं मनात परत पहिल्यापासून म्हणून घेतलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या वयाची मुलं वर्गात बसून स्वप्नं पाहतात, कंटाळा आला की मन पळतं, त्यात काही वावगं नाही. लक्ष न टिकण्याचा आजार असला तर तो शाळेपुरता राहत नाही. घरी, खेळात, आवडीच्या कामातही तेच होतं, आणि लहानपणापासून होत असतं. तुम्ही सांगता त्यावरून हिचं तसं दिसत नाही. पहिल्या बाकावर बसवा, आणि काही वेगळं वाटलं तर परत या.

डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांचं उत्तर बरोबर होतं.

मोठेबाबा असं का बोलले ते येताना बसमध्ये कळलं. त्यांच्या थोरल्या मुलीचं, आमच्या ताईचं, लग्नाचं बोलणं चाललं होतं. ते आचलला म्हणाले, "सांग तुह्या मायले, घरात बिमारी निंगाली तं सोयरीक कोण करन? दोघी बी पोरी घरीच बसतीन." मी शेजारीच होते, मी ऐकलं. आचलनं मला काही सांगितलं नाही. तिनं ऐकलंच नव्हतं.

बिनआजाराचं वर्ष

जूनमध्ये खुशी नवीन ड्रेस घालून कारंजाच्या बसमध्ये चढली. आचल तिला सोडायला गेली ती बस गेल्यावरही तिथेच उभी राहिली. मी घ्यायला गेले. मला वाटलं लागली असेल तंद्री. ती रडत होती.

आजार नाही असं ठरल्यावर जे होईल तो आळस आणि माज. भाकर करपली की माज. दूध उतू गेलं की माज. जाऊबाई सकाळपासून सुरू व्हायच्या, "कोणत्या देशात गेलत्या महाराणी? आमच्यासाठी काय आणलं?" यांनी कधी हात उचलला नव्हता, तोही एकदा उचलला आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन बसून राहिले. मी यांना म्हटलं, डॉक्टरनं परत या म्हटलं होतं, आपण दोघं घेऊन जाऊ. हे म्हणाले, "दादाले कोण सांगन?" त्यापुढे आमच्या घरात बोलणं जात नाही.

नवरात्राच्या आधी आमच्या चक्कीवर एक दिवस फक्त उपासाचं दळण असतं. आदल्या दिवशी चक्की खोलून झाडायची, पुसायची, कुठे गव्हा-ज्वारीचा कण ठेवायचा नाही. सकाळी उदबत्ती लावून राजगिरा, शिंगाडा आणि भगर, एवढंच दळायचं. आजूबाजूच्या गावांतल्या बाया त्या दिवशी मुद्दाम येतात, कारण आमच्याकडचं उपासाचं पीठ बाटत नाही असं मोठेबाबांचं नाव आहे. आचलला त्या दिवसाची फार हौस. कोणी न उठवता उठली, न्हाली, दिवाळीचा ड्रेस काढून घातला आणि मोठेबाबांना म्हणाली, डबे मी ओतते. त्यांनी तिला ते काम दिलं. ओळीतला पुढचा डबा उचलायचा आणि वर ओतायचा, बस.

कोपऱ्यात कोणाचा तरी गव्हाचा डबा राहून गेला होता. दुपारी कधीतरी आचलनं तो उचलला आणि ओतला. कोणाला कळलं नाही, तिलाही नाही. संध्याकाळी एका काकूंनी घरी पीठ चाळलं तर चाळणीत गव्हाचा कोंडा. दिवे लागायच्या आत चक्कीसमोर बाया जमल्या, प्रत्येकीच्या हातात डबा. कोणाचं पीठ चांगलं आणि कोणाचं बाटलेलं हे आता सांगता येत नव्हतं, म्हणून सगळंच बाटलं. त्या काकू म्हणाल्या, "देवीचा नऊ दिवसांचा उपास आमचा. तुमच्या घरात कोणाले शुद्ध आहे का नाई?"

आचल पिठानं पांढरी झालेली, त्या ड्रेसमध्ये, भिंतीला लागून उभी होती. ती एवढंच म्हणत होती की मी पाहूनच ओतलं, मी पाहूनच ओतलं.

मोठेबाबांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "माफ करा बाया हो. चक्कीची गलती नाई. पोरगी डोक्यानं बिमार आहे. वर्ध्याले इलाज चालू आहे तिचा."

इलाज चालू नव्हता. पोरीची आठवी गेली तेव्हा घरात आजार नव्हता. उपासाचं पीठ बाटलं तेव्हा आजार निघाला.

दुसरी खेप

गावाला सांगून बसल्यामुळे आता इलाज करणं भाग होतं. मोठेबाबा आले नाहीत, हे आले. यांच्यासमोर बोलायला मला मनाई नाही, तरी सवयीनं मी परत दाराशीच उभी राहिले. तिथे काम करणाऱ्या मावशीनं कोपऱ्यातलं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. "बस वं बाई. लेकराचं सांगाले आली ना? उभ्यानं काय सांगशीन?" एवढं बोलून ती फडकं घेऊन निघून गेली. तिला हे आठवतही नसेल. आमच्या सगळ्या इलाजात वेळेवर मिळालेली अशी ही एकच गोष्ट.

मी बसले आणि सांगितलं. गुंड, वेण्या, लंगडी, चक्कीचे दगड, उपासाचं पीठ. मध्येच अडले की परत पहिल्यापासून सांगत होते. डॉक्टरांनी घाई केली नाही. पहिलीच्या आधीपासून असंच आहे का, विचारलं. मी म्हटलं, अंगणवाडीपासून. त्यांनी मागचे कागद चाळले आणि म्हणाले, मागच्या वेळी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही सोबत होत्या ना?

"होती," मी म्हटलं. "उभी होती."



मग त्यांनी कान तपासले, रक्त तपासलं, झटके येतात का ते पाहिलं, आचलकडून कोडी सोडवून घेतली. जुन्या शाळेतल्या मॅडमकडून काही प्रश्नांची उत्तरं आणायला सांगितली. मॅडमनी सगळ्याला होकार दिला आणि यांना म्हणाल्या, मले तं पहिल्यापासूनच वाटत होतं. पहिल्यापासून वाटत असताना दोन वर्षं त्या पोरीला खडू फेकून मारत होत्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नाव सांगितलं. एडीएचडी, त्यातला शांत प्रकार. लक्ष धरून ठेवता येत नाही, हातातून निसटतं. मुलींमध्ये हा बऱ्याचदा झाकून राहतो म्हणाले, कारण त्या कोणाला त्रास देत नाहीत. आचलनं विचारलं, "म्हणजे मी येडी नाई?" डॉक्टर म्हणाले, नाही बेटा. तिला ते खरंच वाटेना, तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते. लोकांना वाटलं असेल की आजार ऐकून रडते. हे दोन शब्द तिला पहिल्याच खेपेला मिळणार होते, म्हणून मी रडत होते.

गोळी

गोळी सुरू झाली तशी तिची भूक मेली, तोंड उतरलं. जाऊबाईंनी गावभर सांगितलं की नशेची गोळी आहे. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, मग जरा जेवायला लागली. जादू काही झाली नाही. हॉस्पिटलातल्या समुपदेशक ताईंनी आम्हाला शिकवलं की एका वेळी एकच काम सांगायचं, आणि विसरली तर परत सांगायचं, मारायचं नाही. एका सकाळी गुंड भरली आणि आचलनं नळ बंद केला. मी न पाहिल्यासारखं केलं. बोलले तर दृष्ट लागेल असं वाटलं.

दुसऱ्या आईसाठी लिहिते. लेकरू खिडकीबाहेर पाहतं म्हणून घाबरू नका. खुशी अजूनही वर्गात बसून वानरं पाळते आणि चांगले मार्क आणते, तिला कोणत्या डॉक्टरची गरज नाही. हाक मारली की लेकरू परत येतं का आणि आल्यावर टिकतं का, ते पाहा. जे काम त्याला मनापासून आवडतं तेही त्याच्या हातून सुटत असेल, आणि सुटल्यावर त्याचंच तोंड पांढरं पडत असेल, तर घेऊन जा. आणि डॉक्टरसमोर लेकराला रोज पाहणारी बाई बोलेल असं करा. ती बोलणार नसेल तर नेऊन न नेल्यासारखंच आहे.

परत जून

ताईला पाहायला येणारे लोक आले नाहीत. घरात डोक्याची बिमारी आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं. ते चक्कीसमोर मोठेबाबांनीच सांगितलं होतं, पण दोष आचलच्या माथी आला. जाऊबाईंनी तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं.

डॉक्टर म्हणाले, आता आठवीत घाला, उशीर करू नका. मोठेबाबा जेवत होते, हे समोर बसले होते, मी दाराआड भाकरी करत होते. यांनी शाळेचा विषय कसाबसा काढला. मोठेबाबा म्हणाले, "बिमार पोरीले रोज बसनं कोण पाठवते? कुठं उतरन, कुठं जाईन. राहू दे घरीच." हे म्हणाले, "हो दादा."

मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. त्यांना काय म्हणून हाक मारतात ते मला येत नव्हतं, कधी मारलीच नव्हती. म्हणून हाक न मारताच बोलले.

"बिमार नव्हती तवा घरी बसवली. आता बिमार आहे म्हणून घरी बसवता. मंग तिनं शाळेत जावं कवा?"

त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. यांना म्हणाले, "सांग तुह्या बायकोले. चूल येगळी करा."

आता आम्ही मागच्या खोलीत राहतो. चक्की सुटली. हे हायवेवरच्या ढाब्यावर कामाला जातात आणि माझ्यावर रागावलेले आहेत. तोंडानं म्हणत नाहीत, पण जेवताना पाणी मागायचं तरी आचलला सांगतात, सांग तुह्या मायले. हे त्यांनी नव्यानं सुरू केलं आहे. गावात मला तोंडाळ म्हणतात. मी. आचल आठवीत आहे. तिच्या बरोबरीच्या पोरी नववीत गेल्या, ही लहान पोरींमध्ये उंच दिसते. कारंजाला खुशी तिला बसमधून उतरवून घेते. डबा हरवतो, छत्री हरवली, मार्क काठावरचे येतात. पण येतात.

परवा आम्ही दोघी भांडी घासत होतो. ती म्हणाली, "आई, माह्याच्यानं घर फुटलं का?"

"नाई," मी म्हटलं. "तू तं फक्त शाळेत गेली."

ती ताटाकडे पाहत राहिली. ऐकलं की नाही कळलं नाही. म्हणून परत सांगितलं.